स्टेअरिंगला टेकणारं पोट

एसटीच्या शिरूर डेपोत ड्रायव्हर होतो तेव्हा माझं पोट स्टेअरिंगला टेकायला लागलं होतं. प्रत्येक स्टँडवर गोड चहा आणि भजी, ड्युटी संपल्यावर घरी अवेळी भरपेट जेवण. वार्षिक तपासणीत डॉक्टर म्हणाले, "साखर काठावर आहे. वजन उतरवा. पुढच्या वेळी असंच दिसलं तर मी पास करणार नाही."

मला दुसरं काम येत नव्हतं. पोरी शाळेत होत्या. घाबरून मी जेवणच टाकलं. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी काकडी, रात्री ताक. पट्ट्याला नवं भोक पाडलं तेव्हा बरं वाटलं, पण झोप उडाली. पोरींवर खेकसायला लागलो. दुसऱ्याच्या डब्याचा वास आला तरी डोळ्यांत पाणी यायचं.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारादिवशी गाडी खचाखच भरली होती. गाव मागे पडलं आणि दरदरून घाम फुटला. समोरून येणारी उसाची ट्रॉली एकाची दोन दिसली. कशीबशी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि तसाच बसलो.

कंडक्टर पुढे आला. "आप्पा, काय खाल्लंय का न्हाई?"

मी नकारार्थी मान हलवली. एका बाईनं पाटीतली केळी पुढे पाठवली. माणसं माझं खाणं बघत होती.

त्या संध्याकाळी भाकरीमागून भाकरी खाल्ली, पोट दुखेपर्यंत. मग रोज तसंच. उतरलेलं वजन परत आलं, उलट वाढलं. बायकोला म्हणालो, "नोकरी गेली समज. माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

ती म्हणाली, "उपाशी मरायचं न्हाईतर फुटस्तवर खायाचं, ह्याच्या मधी काय हाय का न्हाई? मी डबा दीन, त्यो वेळंवर खावा. आन् घरात समदीच तसं खाऊ. तुमचं ताट येगळं वाढायचं न्हाई."

डब्यात दोन भाकऱ्या, मेथी नाहीतर शेपू, मोडाची मटकी. चहा राहिला, साखर गेली. ड्युटी लवकर सुटली की नदीच्या पुलापर्यंत चालायचो. कधी कधी काटा महिनाभर हलायचा नाही आणि पुन्हा जेवण सोडावंसं वाटायचं. मग मी जेवेपर्यंत बायको ताटासमोर बसून राहायची.

तपासणीला गेलो तेव्हा बाकावर बसून पट्ट्याची भोकं मोजत होतो. डॉक्टर म्हणाले, "साखर उतरलीय. वजन अजून जास्तच आहे. सध्या चालवा गाडी, पुढच्या वर्षी बघू."

घरी बायकोनं विचारलं, "सुटलो का आपुन?"

"वर्षापुरतं," मी म्हणालो.