नवस म्हणायचं नाही

आमच्या ख्रिस्ती मंडळीत नवस हा शब्द चालत नसे. देवाशी सौदा करायचा नाही, त्याची कृपा फुकट असते, चांगलं वागून ती कमावता येत नाही, हे वडील दर रविवारी शिकवायचे. शिरूर अनंतपाळच्या पुढं आमचं गाव, आणि तिथल्या लहानशा मंडळीचे ते पाळक. त्यांची दुसरी आवडती शिकवण बाप्तिस्म्याची. तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडायची पद्धत आमच्यात नाही. माणसानं कळतं व्हावं, स्वतः ठरवावं आणि स्वखुशीनं पाण्यात उतरावं. आईबापालासुद्धा लेकराच्या वतीनं देवाला काही कबूल करता येत नाही.

आणि हाच माणूस माझ्या नावानं नवस बोलून बसला होता.

भूकंपात आमच्या घराची भिंत पडली तेव्हा मी तिसरीत होते. बाजेखाली अडकले होते, तोंडात माती गेली होती. वरून वडिलांचा आवाज येत होता. हातांनी ढिगारा उपसत ते ओरडत होते, "प्रभू, हिला वाचीव. हिला तुलाच देतो. डाक्टर करून तुझ्या सेवेला लावतो." मी वाचले. पण ते सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं.

"पाळकसाहेब, नवस बोललात की तुम्ही," पुढं पत्र्याच्या शेडात राहायला आल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांची देवी तुळजापूरची, नवसातलं त्यांना सगळं कळायचं.

"नवस न्हाई वैनी. अर्पण हाय," वडील म्हणाले.

त्यांनी शब्द बदलला. मी मात्र अडकले ती अडकलेच.

दहावीनंतर मला लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला टाकलं. टाकलं हाच तिथला शब्द, बरणीत लोणचं टाकतात तसा. एका खोलीत चौघी, खिडकीसमोर दुसऱ्या क्लासची भिंत. परीक्षा नेमकी रविवारी असायची. प्रभूच्या दिवशी विळ्याला धारसुद्धा न लावणारे माझे वडील म्हणाले, "दे परीक्षा. ती बी सेवाच हाय." मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. गावात संडेस्कूलची पोरं माझ्याकडे असायची, त्यांना शिकवताना माझा जीव रमायचा. मला डी.एड. करायचं होतं. पण सांगायचं कुणाला? गावी गेलं की जो तो म्हणायचा, "देवानं वाचवलेली पोर." वाचलेल्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. मला वडिलांचा राग यायचा, देवाचाही यायचा, आणि प्रार्थनेला डोळे मिटले की तोंडात ती माती यायची.

दिवाळीच्या सुट्टीत माझा बाप्तिस्मा ठरला. आदल्या दिवशी वडील आम्हा पाण्यात उतरणाऱ्यांची शिकवणी घेत होते. मी मध्येच विचारलं, "पप्पा, कृपा फुकट असते ना?"

"हाव."

"आन् लेकराच्या वतीनं आईबापाला कबूल करता येत न्हाई?"

"न्हाई येत."

"मग माझं काय करून ठेवलं तुम्ही?"

बाकीची सगळी खाली बघायला लागली. वडिलांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि तो तसाच हातात धरून बसले.

"नवसच व्हता त्यो," ते म्हणाले. "भ्यालो व्हतो मी." त्या बोलण्याला नवस म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. मग ते म्हणाले, "शेजारच्या वैनीला बरं हाय. नारळ फोडला, ओटी भरली की नवस फिटला. आपल्यात फेडायची रीतच न्हाई, पोरी. मी बी अडकलोय."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ढिगाऱ्याखाली मी एकटीच आहे. माझा राग गेला नाही, पण त्या दिवशी त्यांची कीवही आली.

दुसऱ्या दिवशी मांजरा नदीच्या पाण्यात वडील कमरेइतके उभे होते. काठावर मंडळी गात होती. सगळ्यांना विचारतात तेच त्यांनी मला मोठ्यानं विचारलं, "स्वखुशीनं उतरलीस का?"

"हाव."

मग माझ्या पाठीला हात लावून त्यांनी एक प्रश्न हळूच विचारला. तो उपासनेच्या पुस्तकात नव्हता.

"आन् लातूरला?"

"न्हाई, पप्पा."

मग त्यांनी मला पाण्याखाली नेलं. नाकाकानात पाणी शिरलं, काठावरचं गाणं बंद झालं, आणि क्षणभर मी पुन्हा त्या बाजेखाली होते. मला खरोखर भीती वाटली. मग त्याच हातांनी मला वर काढलं. मी आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते रडत होते, पण या खेपेला देवाला काहीच कबूल करत नव्हते.