बाबा बाहेर पडले

आमच्या सरांनी निबंधाला विषय दिला, ‘समाजमाध्यमे, आभासी जग आणि आपले दैनंदिन जीवन’. वर्गातल्या निम्म्या लोकांनी तो मोबाइललाच लिहायला सांगितला आणि सगळ्यांना सारखेच गुण पडले. मी एक परिच्छेद स्वतः लिहिला. ‘आभासी जगामुळे माणूस माणसापासून दुरावत आहे’ असं वाक्य टाकलं आणि मलाच माझा राग आला. कोण माणूस? कुणापासून? आमच्या घरात खराखुरा माणूस दुरावला होता, तोही एका बटणामुळे, आणि तो माझा बाप होता. मग निबंध ठेवला बाजूला आणि हे लिहायला घेतलं.

बाबा बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करतात. पहिल्या मजल्यावर काचेची केबिन, आत टेबल, खुर्ची, माईक आणि खटखट वाजणारा पंखा. केबिनमधून सगळे फलाट दिसतात, पण खालून वर बघतो कोण? त्यामुळे गावात बाबांचा चेहरा कुणाला माहीत नाही आणि आवाज मात्र सगळ्यांना पाठ. ते भाजी घ्यायला गेले आणि “टोमॅटो कसे दिले?” म्हणाले, की आजूबाजूची चार माणसं आपापल्या पिशव्या उचलतात.

स्थानकाचा नियम असा की प्रत्येक घोषणा दोनदा करायची. पहिली प्रवाशांसाठी, दुसरी ड्रायव्हरसाठी. दुसरी ऐकल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. इतकी वर्षं हे करून बाबांच्या जिभेला तेच वळण पडलंय. “आंघोळीला जात आहे. आंघोळीला जात आहे.” आई म्हणते, यांनी लग्नालाही दोनदा होकार दिला, म्हणून मला विचार बदलायला फटच मिळाली नाही.

त्यांची दुसरी सवय माईक बंद करण्याची. नोकरीला लागले तेव्हा एकदा माईक चालू राहिला आणि ते सहकाऱ्याला सांगत बसले की मोठ्या साहेबांचे केस खोटे आहेत. त्या वेळी मोठे साहेब खाली फलाटावर पाहुण्यांना निरोप देत उभे होते. पाहुण्यांनी आधी वर भोंग्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या डोक्याकडे. नोकरी कशीबशी वाचली. तेव्हापासून बाबा बोलणं संपलं की आधी माईक बंद करतात, मग श्वास घेतात.

आता आत्या. बाबांची थोरली बहीण, त्यांची अक्का, निवृत्त मुख्याध्यापिका, आमच्याच घरात राहते आणि घर चालवते. शाळा सुटली, पण तिच्यातली मुख्याध्यापिका काही सुटली नाही. तिने घरातल्या पाच जणांसाठी ‘घर’ नावाचा ग्रुप काढला. तोंडी बोललेलं लोक नाकबूल करतात, म्हणून यापुढे घरातलं सगळं ग्रुपवर, असं फर्मान निघालं. वाचलं की अंगठा द्यायचा. अंगठा नाही तर हजेरी नाही. आई स्वयंपाकघरातून ‘जेवण तयार’ असं टाकायची आणि आम्ही भिंतीपलीकडून अंगठे द्यायचो. एकदा दूध उतू चाललं होतं, ते आईने आधी ग्रुपवर टाकलं आणि मग गॅस बंद केला. आत्याने त्याबद्दल तिचं कौतुक केलं. तेही ग्रुपवर.

बाबांकडे मात्र तेव्हा स्मार्टफोन नव्हता. माझ्या ताईने आपल्या पहिल्या पगारातून घेऊन दिला. आत्याने त्यांना ग्रुपमध्ये घेतलं. बाबांनी लिहिलं, ‘उशीर होईल. उशीर होईल.’ आणि खाली ओळ उमटली, ‘बाबा बाहेर पडले.’

आम्ही आपापल्या खोल्यांतून बाहेर येऊन एकमेकांकडे बघत राहिलो. आत्या म्हणाली, “नवीन आहे, चुकून झालं असेल.” तिने परत घेतलं. दुसऱ्या दिवशी ‘चहा पावडर आणली आहे. चहा पावडर आणली आहे.’ आणि बाबा बाहेर पडले. परत घेतलं. ताईला दूरच्या शहरात नवी नोकरी लागल्याचं ग्रुपवर आलं, तेव्हा सगळ्यांनी फुलं टाकली. बाबांनी ‘अभिनंदन. अभिनंदन.’ लिहिलं आणि बाहेर पडले.

मग मात्र आत्याचा पारा चढला. “हा काय पोरखेळ आहे? बोलायचं आणि तोंडावर दार आपटून जायचं! आता मी नाही घेणार. माफी मागू दे.”

“मागतील ना,” आई म्हणाली.

“ग्रुपवर मागायची.”

“अहो पण ते ग्रुपवर नाहीत.”

“तो त्याचा प्रश्न आहे.”

ताई उठून आपल्या खोलीत गेली. तिच्या मनाला ते ‘बाहेर पडले’ फार लागलं होतं. तिला वाटलं, मी चालले म्हणून बाबा रागावलेत.

मला काही राहवेना. बाबा गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तिथे जाऊन सरळ विचारलं, “बाबा, तुम्ही ग्रुपमधून बाहेर का पडता?”

बाबा चकित झाले. “म्हणजे? बोलून झालं की बंद नको करायला?”

“काय बंद?”

“माईक. अक्का मला आत घेते, मी माझं सांगतो आणि बंद करतो. उघडा ठेवून कसं चालेल? घरात आपण काय काय बोलतो. गावभर जायचं.”

मी कपाळावर हात मारला. बाबांना वाटत होतं, ही पद्धत अगदी सुरळीत चालली आहे. उलट हल्ली अक्काने आत घेतलं नाही, म्हणजे घरात सांगण्यासारखं काही नसेल, अशी त्यांची समजूत होती. “शांत आहे घर,” ते म्हणाले, “बरं वाटतं.”

मग ओला टॉवेल दोरीवर टाकून तिथेच उभे राहिले. “ताईची गाडी रविवारी. मी त्या दिवशी सुट्टी टाकली आहे. सुट्टी टाकली आहे.”

“घरी आराम?”

“आराम कसला? अरे, इतकी वर्षं लोकांच्या पोरांना वरून निरोप देतोय. खाली त्यांचे बाप खिडकीशी उभे असतात, काहीतरी सांगत असतात, आणि मी वरून गाडी सोडतो. तिच्या गाडीला मी वर बसणार नाही. दुसरा कुणीही सोडू दे. मी खिडकीशी उभा राहणार.”

त्यांनी चिमटे लावले, माझ्याकडे न बघता. मी उगीचच बादली उचलली.

खाली येऊन मी आत्याला माईकचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “हे खुलासा म्हणून ग्रुपवर टाक.” मी टाकलं. तिने अंगठा दिला. ताईला मात्र वाटलं, मी बाबांची बाजू सावरतोय. पण नियम नियमच राहिला. माफी आल्याशिवाय प्रवेश नाही आणि प्रवेश मिळाल्याशिवाय माफी नाही.

आणि मग ताईच्या कंपनीने तिला लवकर बोलावलं. रविवारचा गुरुवार झाला. ताईने ग्रुपवर टाकलं, ‘गुरुवारी दुपारची गाडी.’ चटाचट अंगठे पडले. तिने पुढे लिहिलं, ‘बाबांना कोण सांगतंय?’ त्यालाही अंगठे पडले. आईचा, आत्याचा, माझा.

आता त्या अंगठ्यांचा अर्थ सांगतो. आईचा अर्थ, ‘हो, कुणीतरी सांगायलाच हवं.’ आत्याचा अर्थ, ‘वाचलं.’ माझा अर्थ, ‘चांगला प्रश्न आहे.’ आणि ताईने लावलेला अर्थ असा की तिघांनीही बाबांना सांगितलंय. बाबांची त्या आठवड्यात पहाटेची ड्यूटी आणि वर जादा कामही होतं. आम्ही उठायच्या आत ते निघायचे आणि येऊन पाठ टेकायचे. ताई रोज वाट बघायची की आज तरी ते गुरुवारचं काही बोलतील. बाबा रविवारची वाट बघत गप्प होते. एका छताखाली दोघं दोन वेगवेगळ्या वारी राहत होते. सरांना आभासी जग बघायचं असेल तर त्यांनी त्या आठवड्यात आमच्याकडे जेवायला यायला हवं होतं.

गुरुवारी आम्ही सामान घेऊन स्थानकावर गेलो. आत्याने रिक्षातच ‘निघालो’ असं टाकलं, आणि तिला खेटून बसलेल्या आम्ही तिघांनी अंगठे दिले. फलाटावर आई इकडेतिकडे बघत मला म्हणाली, “बाबा खाली आले नाहीत ते?”

“तू त्यांना सांगितलंस ना?”

“मी? तू नाही सांगितलंस?”

आम्ही दोघांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. तेवढं पुरेसं होतं. ताई गाडीत खिडकीशी बसली होती, ती ऐकत होती. तिचा चेहरा पडला. “म्हणजे त्यांना माहीतच नाही?”

तेवढ्यात भोंग्यातून बाबांचा आवाज आला. “प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवरील गाडी...”

आणि आवाज थांबला.

स्थानकावर अशी शांतता कधीच पडली नसेल. लोक जागच्या जागी थबकले. मी वर पाहिलं. बाबा काचेला नाक लावून उभे होते.

“अगं,” भोंगा म्हणाला, “तू आज कुठे चाललीस?”

शेकडो माणसांनी आपल्यालाच विचारल्यासारखं आजूबाजूला पाहिलं. एक बाई घाबरून म्हणाली, “माहेरी.” ताईने खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला.

आत्या घाईघाईने मोबाइलवर बोटं चालवत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिने माफी मागायला न लावता कुणाला तरी वर्गात घेतलं. केबिनमध्ये बाबांचा फोन टिंग वाजला, आणि ते टिंग सगळ्या फलाटांना ऐकू आलं.

“अक्का, आता नको,” भोंगा म्हणाला. “मी खाली येतोय. मी खाली येतोय.”

पुढचं सगळं स्थानकाने ऐकलं. खुर्ची सरकली. चहाचा पेला फुटला. दार आपटलं. मग नुसता पंखा, खटखट, खटखट. माईक चालूच होता.

बाबा जिन्यावरून धावत आले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. लोक बाजूला होत होते, पण हा कोण माणूस ते कुणालाच कळत नव्हतं. ते खिडकीशी आले आणि ताईचा हात दोन्ही हातांत धरला. इतक्या वर्षांत लोकांचे बाप काय सांगतात ते वरून ऐकू आलं नव्हतं, त्यामुळे काय सांगायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

“मला वाटलं, तुम्ही रागावलात,” ताई रडत म्हणाली. “अभिनंदन म्हणालात आणि निघून गेलात.”

“अगं, बंद केलं फक्त,” बाबा म्हणाले. “गेलो कुठे?”

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. “साहेब, वेळ झाली. घोषणा झाल्याशिवाय सोडता येत नाही.”

बाबांनी एकदा वर रिकाम्या केबिनकडे पाहिलं. मग ताठ उभे राहिले आणि तिथूनच, ताईचा हात न सोडता, त्याच आवाजात म्हणाले, “फलाट क्रमांक चारवरील गाडी सुटत आहे.”

लोकांनी आत्ता त्यांच्याकडे वळून पाहिलं. आम्ही दुसऱ्या घोषणेची वाट बघत राहिलो. ड्रायव्हरही वाट बघत होता. बाबांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काही केल्या शब्द फुटेना.

मग ताईने डोळे पुसले, खिडकीतून मान बाहेर काढली आणि हुबेहूब त्यांच्या चालीत म्हणाली, “फलाट क्रमांक चारवरील गाडी सुटत आहे.”

ड्रायव्हरने गिअर टाकला. बाबा हात सुटेपर्यंत गाडीबरोबर चालत गेले आणि मग तिथेच उभे राहिले. वर भोंग्यातून पंखा वाजत होता, आणि तो बंद करायला ते कितीतरी वेळ गेलेच नाहीत.