अख्खा शर्ट

लमार क्रायडरच्या घराला दारं सात, आणि त्या ऑक्टोबरात स्वयंपाकघराच्या खणात नव्याकोऱ्या बिजागऱ्या जमल्या अकरा जोड. आर्लीननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, खण उघडला, बघितला आणि परत लावून टाकला. चव्वेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला एवढं कळतंच की नवरा हार्डवेअरच्या दुकानात बिजागऱ्यांसाठी जात नाहीये.

जात होता तो बंदुकीसाठी. दुकानाच्या मागच्या भिंतीवर विकायला आलेल्या जुन्या बंदुका टांगलेल्या असत, त्यांत उन्हाळ्यापासून एक कार्बाइन होती. आखूड नळीची, वजनाला हलकी, पिस्तुलात घालतात तेच काडतूस घेणारी. पहिल्या धन्याचा हात जिथं पडायचा तिथला काळा रंग उडून लोखंड पांढरं झालेलं, दस्त्यावर एक लांब चरा. लमार तिच्यापुढं उभा राहायचा, हात खिशात घालून. खिशात अशासाठी, की बाहेर काढले की ते थरथरायचे.

जन्मभर लाकडाच्या वखारीत करवतींना धार लावणारे हात ते. पात्याचा एक दात केसभर वाकडा असला तरी बोटाला कळायचं. दोन वर्षांपूर्वी कंप सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. बरं, नाही तर नाही. कॉफीचा कप अर्धाच भरायचा, वरचं बटण आर्लीननं लावायचं, इतपत लमारनं निमूट सोसलं. पण पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात हरणाचा हंगाम सुरू झाला की शाळासुद्धा सुट्टी देतात, तिथं सत्तरीच्या माणसानं घरी बसून काय करायचं, हे कुठल्या डॉक्टरला विचारायचं?

डोंगरात त्यांचा कॅम्प होता. एक लाकडी खोपटं, एक शेगडी, सहा बिछाने आणि एक कायदा. हरणावर गोळी झाडून ज्याचा नेम चुकेल, त्याच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीनं कापायचं, त्यावर नाव नि साल लिहायचं आणि भिंतीवर ठोकायचं. चाळीस वर्षांच्या चिंध्या होत्या त्या भिंतीवर. लमारच्या सहा, आणि शाळेपासूनचा त्याचा दोस्त एल्वुड, जो नेमाच्या सगळ्यात जास्त बढाया मारतो, त्याच्या अकरा. कापलेला शर्ट घरी आला की आर्लीन त्याला दुसऱ्या कापडाचं टोक जोडायची. एकाला पडद्याचं, एकाला तिच्या जुन्या फुलाफुलांच्या झग्याचं. लमार ते शर्ट चर्चलासुद्धा घालायचा. आत खोचलेलं कुणाला दिसतंय, म्हणायचा.

मागच्या हंगामात साठ पावलांवर हरीण आडवं उभं राहिलं, आणि वडिलांच्या त्या जड, लांब रायफलीनं त्याला गोळी चाटूनसुद्धा गेली नाही. लमार खाली कॅम्पात आला, कोट काढला, स्वतःच शर्ट बाहेर ओढला आणि शेगडीपाशी पाठमोरा उभा राहिला. कुणी हललं नाही. सगळे आपापल्या ताटातल्या कोबीकडं बघत राहिले. शेवटी एल्वुड हळूच म्हणाला, "जाऊ दे रे, आधी जेवून घे." लमारनं शर्ट परत खोचला. थरथरत्या हातानं त्याला वेळ लागला.

धुवायला टाकताना आर्लीननं विचारलं होतं, नेम चुकला म्हणतोस, मग शर्ट अख्खा कसा? तो सरपण आणायला बाहेर गेला. तिनंही पुन्हा विचारलं नाही.

तर आता ही कार्बाइन. तिच्या बाजूनं बोलायचं तर ती हलकी होती, धक्का नावापुरता. विरुद्ध बोलायचं तर एल्वुडनं तिची आधीच अब्रू काढली होती. उन्हाळ्यात दोघं मिळून दुकानात गेले होते तेव्हा तो म्हणाला होता, "हिनं खार जरी मारली तरी जवळ जाऊन विचारावं लागेल, बाई गं, लागली का तुला?" लमारही हसला होता. वडिलांची रायफल दरी ओलांडून पलीकडच्या उतारावर पोचायची. ही घेणं म्हणजे पलीकडचा उतार कायमचा सोडून देणं. आणि ह्या सगळ्याच्या तळाशी एक खरी भीती होती. मागच्या वेळी गोळी साफ चुकली हे नशीब, पुढच्या वेळी अर्धवट लागली, जनावर पाय ओढत झाडीत गेलं, तर? जनावर जखमी करून सोडणाऱ्या माणसानं बंदूक हातात धरू नये असं तो स्वतःच सगळ्यांना आजवर सुनावत आला होता.

एका सकाळी आर्लीननं अकराच्या अकरा जोड टेबलावर मांडले, त्याच्या अंड्याच्या बशीशेजारी.

"एक तर अजून चार दारं बसव," ती म्हणाली, "नाहीतर ती बंदूक घेऊन ये."

तो म्हणाला, यंदा मी जातच नाहीये. तिनं का म्हणून विचारलं. तो काट्यानं अंडं नुसतंच टोचत बसला.

"चुकलो तर परत कुणी माझ्या शर्टाला हात लावणार नाही, आर्लीन. मी मेलोय आणि हे लोक माझ्याशी नीट वागतायत, असं वाटलं मला."

"आणि गेलाच नाहीस तर? तेव्हा कोण कापणार आहे?"

त्यानं अंडं संपवलं आणि टोपी घेतली, तिनं कोट.

दुकानाची मालकीण ट्रूडी शहाणी बाई. तिनं भाव सांगायच्या आधी बंदूक भिंतीवरून काढून त्याच्या हातात दिली, काडतुसांचं खोकं आणि कागदी बशा दिल्या आणि म्हणाली, मागं खडीच्या खाणीत जा, मारून बघा, मग बोला. लमारनं दोन्ही ताडून बघायला घरून वडिलांची रायफलही आणली होती. फसवायचं कुणाला? पन्नास पावलांवर बशी लावली. लांब रायफलीची पाचातली एक गोळी बशीत. मग तो खाली बसला, गुडघ्यावर कोपर टेकलं आणि कार्बाइन उचलली. हात थांबले नव्हते, कापतच होते. पण उचलून धरायला ओझं नव्हतं, म्हणून दमत नव्हते, आणि धक्क्याच्या धास्तीनं खांदा आधीच आक्रसत नव्हता. पाचच्या पाच बशीत. त्यानं पुन्हा पाच झाडल्या. पुन्हा पाच. शंभर पावलांवर मात्र दोन बाहेर गेल्या.

आर्लीन थंडीत कोटाची कॉलर वर करून मागं उभी होती. त्यानं वळून बघितलं तर ती बशीकडं बघत नव्हतीच, त्याच्याकडं बघत होती.

बंदूक घरी आली. लमारनं दस्त्यावर चिकटपट्टी लावून तिच्यावर वेड्यावाकड्या अक्षरात पन्नासचा आकडा लिहिला. पन्नास पावलांच्या पुढं कितीही मोठ्या शिंगांचं हरीण येवो, चापाला बोट लावायचं नाही. हा त्याचा स्वतःशी केलेला करार होता.

हंगामाच्या पहिल्या सकाळी तो ओसाड पडलेल्या सफरचंदाच्या बागेत जाऊन बसला. उजाडून तासभर झाला असेल, बर्फावरून एक शिंगाळं हरीण चालत आलं आणि चाळीस पावलांवर थांबलं. कोपर गुडघ्यावर, श्वास अर्धा सोडलेला, चाप हलकेच मागं. मधल्या एका काटकुळ्या फांदीकडं मात्र त्याचं लक्षच नव्हतं. गोळी फांदीला लागली. हरणानं एक उडी मारली आणि परत थांबून बघू लागलं. दुसऱ्या गोळीला सगळा वेळ होता. पुढचं काडतूस भरायला लमारचा उजवा हात बोल्ट, म्हणजे वडिलांच्या रायफलीला असतो तो दांडा, ओढायला वर गेला, पन्नास वर्षांच्या सवयीनं. ह्या बंदुकीला बोल्ट कुठला? तिची कडी खाली असते, बोटांखाली. हात हवेत चाचपतोय, बोल्ट सापडत नाहीये, हरीण हा तमाशा बघतंय. पुरतं बघून झाल्यावर ते सावकाश निघून गेलं.

त्यानं तासभर माग काढला. बर्फावर रक्ताचा एक थेंब नव्हता, पावलं सरळ आणि सारखी होती. तुटलेली फांदी त्यानं खिशात घातली.

कॅम्पात सगळे जेवायला बसले होते. लमारनं फांदी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, हवेत चाचपणाऱ्या हातासकट. करूनच दाखवलं. क्षणभर कुणी हसायचं धाडस केलं नाही. मग एल्वुडच्या नाकातून कॉफी बाहेर आली आणि सगळं खोपटं हसत सुटलं, लमार सगळ्यांत जास्त.

"ह्यात हाताचा काय दोष?" एल्वुड डोळे पुसत उठला. "हा शुद्ध डोक्याचा दोष आहे. कात्री कुठाय?"

लमार शेगडीपाशी पाठमोरा उभा राहिला. मागचं टोक कापलं गेलं, कात्रीचा गार स्पर्श त्याला कमरेला झाला. तो वळणार, तोच एल्वुडनं त्याला खांद्याला धरून थांबवलं, पुढच्या बाजूला आला आणि पोटावरचंही टोक कापलं.

"हे काय?" लमार म्हणाला.

"मागच्या सालचं. तेव्हा माझी हिंमत झाली नाही रे." एल्वुडनं त्याच्याकडं न बघता चिंधीवर साल लिहायला घेतलं.

रविवारी लमार घरी आला. आर्लीननं पिशवीतून शर्ट काढला, उलटा केला, सुलटा केला. दोन का, तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. ती शर्ट मांडीवर घेऊन खुर्चीत बसली आणि रडली, चांगली मोकळी रडली. तो शेजारी उभा राहून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि हात कापतोय ह्याकडं दोघांनीही लक्ष दिलं नाही. मग तिनं नाक पुसलं आणि चिंध्यांचा डबा खाली काढायला सांगितलं.

"पुढं निळं लावू की फुलाफुलांचं?" तिनं विचारलं.

"फुलाफुलांचं," तो म्हणाला. "हा मी आत खोचणार नाहीये. पुढचं लोकांना दिसू दे."