सही न करणाऱ्यांचे मुळे सर

आज मी एका गेलेल्या माणसाच्या खुर्चीत बसले.

खुर्ची अजून कुरकुरते. सर असते तर म्हणाले असते, "ती नाही, तुझं वजन कुरकुरतंय."

मुळे सर गेले त्याला आज वर्ष झालं.

पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला हा माणूस दर रविवारी नगरच्या आमच्या इंजिनिअरांच्या संस्थेत येऊन इंटरव्ह्यू घ्यायचा. डिग्री असते सगळ्यांकडे. पण काही वर्षं काम केल्यावर सीनियर लोकांसमोर बसायचं, ते पास करतील तेव्हाच प्रोफेशनल म्हणून नाव नोंदलं जातं. मग तुमच्या सहीला किंमत.

घेणारे सगळे व्हॉलंटिअर. सर तर डबाही घरचा आणायचे, आणि त्यातली शेंगदाण्याची चटणी कुणाला द्यायचे नाहीत.

मी जामखेडकडची. माझा इंटरव्ह्यू होता तेव्हा पाठ केलेलं इंग्लिश घेऊन गेले होते. डिझाइन, क्वालिटी, सेफ्टी, सगळं धाडधाड बोलले.

सरांनी फाईल बाजूला सारली. म्हणाले, "हे सगळं छान. आता सांग, तू ‘नाही’ कुणाला म्हणालीस?"

उत्तर होतं माझ्याकडे.

पण तेच मी फाईलमधून गाळलं होतं. मला कामावरून काढलं होतं ना! ते कोण लिहिणार?

सरांनी मात्र मधलं रिकामं वर्ष बरोबर हेरलं होतं. मग सांगावंच लागलं.

आमच्याच तालुक्यातल्या एका गावात पाण्याची टाकी बांधत होतो. स्लॅबच्या दिवशी मिक्सर आला, सरपंच नारळ घेऊन उभे. बायका टँकरला कंटाळलेल्या. आणि मी बघते तर सळया ड्रॉइंगपेक्षा कितीतरी दूर दूर बांधलेल्या, म्हणजे लोखंड कमी.

म्हटलं, स्लॅब टाकायच्या कागदावर सही करणार नाही.

कॉन्ट्रॅक्टर आमच्या भावकीतला. नोकरी त्यानंच दिलेली. त्यानं थेट वडिलांना फोन लावला. वडील मला एवढंच म्हणाले, "पोरी, आपल्याला हितंच ऱ्हायचंय."

तरी नाही केली. सळया परत बांधल्या, मगच स्लॅब टाकला. आणि मला घरी बसवलं. गावात तर टाकी लांबवणारी बाई म्हणून माझी ख्याती झाली.

पॅनलमधले बाकीचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, संपलं.

सरांनी विचारलं, "टाकी आहे का?"

"आहे, सर."

"गळते?"

"नाही."

त्यांनी पेनला टोपण लावलं. "सही करायला सगळ्यांनाच येते. न करायला येते का, ते बघायला मी इथं बसतो."

पास! बाहेर येऊन मी रडले. आनंदानं, आणि त्या घरी बसलेल्या वर्षाच्या रागानंही.

नंतर सर मागे लागले, आता तू पॅनलवर बस. मी घर, पोरं, साइट अशी टोलवत राहिले. हॉस्पिटलमधून त्यांचा शेवटचा फोन आला तोही हेच विचारायला, रविवारी कोण बसणार? म्हटलं, मी बसेन.

तरी कारणं काढत वर्ष घालवलं. आज पहिल्यांदा बसले.

राजूरच्या पलीकडच्या डोंगरातली एक मुलगी आली होती. तेच पाठ केलेलं इंग्लिश. माझंच जुनं रूप समोर बसलेलं. मी तिची फाईल बाजूला सारली आणि सरांचा प्रश्न विचारला.

तिनं आधी दार लावलेलं आहे ना ते बघितलं. मग हळूच म्हणाली, "म्याडम, सासऱ्यांना."

गावच्या ओढ्यावर तिच्या देखरेखीखाली पूल होत होता. तेवढ्यात दिराचं लग्न निघालं. सासऱ्यांना वरातीचा ट्रॅक्टर नव्या पुलावरून न्यायचा होता. सगळ्या गावानं बघावं म्हणून.

"स्लॅब कच्चा हुता. न्हाई म्हनले मी. आयकंनात, मग स्कूटी आडवी लावली."

वरात ओढ्यातून गेली. नवरदेवाचे बूट भिजले. सासरे लई दिवस बोलले नाहीत.

मी हसू दाबून विचारलं, "आणि पूल?"

"हाय की. आता सासरेच सांगत्यात, आमच्या सुनेनं बांधला."

मी पेनला टोपण लावलं.

सर, श्रद्धांजली वाहिली तर तुम्ही म्हणाल, आधी रिपोर्ट दे. घ्या.

मुलगी पास. पूल आहे. टाकी आहे.

आणि पुढच्या रविवारी कोण बसणार, याची काळजी तुम्ही करू नका.

नमस्कार, सर.