कॉफीतलं मीठ

फोझिया सकाळच्या कॉफीचे पेले मांडत होती, तेवढ्यात दार वाजलं. शेजारणी कधी दार वाजवत नाहीत, थेट आत येतात.

दारात डॉक्टर तेमाम. बीपी, मधुमेह यांवर संशोधन कसं करावं हे शिकवणारा वर्ग त्यांनी इथे इथिओपियात, जिम्मा शहराच्या मेडिकल कॉलेजात सुरू केला होता. पूर्वी हे शिकायला माणसं परदेशी जायची आणि तिकडचीच होऊन राहायची. वर्गात सगळे डॉक्टर. नर्स एकटी फोझिया.

"तुझ्या मिठाच्या पाहणीचे आकडे जुळत नाहीत गं," ते म्हणाले. "बायका सांगतात मीठ कमी खातो, आणि लघवीच्या तपासणीत मीठ भरपूर. परीक्षक म्हणतात, नर्सला प्रश्न विचारताच आले नाहीत. महिनाअखेरपर्यंत उत्तर दे, नाहीतर वर्गातली जागा गेली."

"म्हणजे आम्ही बायका खोटारड्या?" आतून आलेल्या सासूबाई फणकारल्या. "आधी बसा. कॉफी न घेता इथून कोणी जात नाही."

एव्हाना शेजारणी जमल्या होत्या. फोझिया सवयीनं एकेका पेल्यात मिठाची चिमूट सोडत गेली. तेमामसरांच्या पेल्यापाशी तिचा हात थांबला.

"सर, आपण जेवणातलं मीठ विचारलं. हे कुठे विचारलं?"

सरांनी कपाळाला हात लावला. प्रश्न दोघांनी मिळून लिहिले होते, आणि दोघंही लहानपणापासून हीच कॉफी पीत आले होते.

"कॉफीतल्या मिठाला कधी मीठ खाणं म्हणतात का?" शेजारची झहरा म्हणाली.

"दिवसातून कितीदा पितेस?"

"नवरा घरी असला तर तीनदा. नसला तर कोण मोजतंय?"

फोझिया पुन्हा घरोघर फिरली. प्रत्येक दारी कॉफी घ्यावीच लागली. "आता तुझंच बीपी मोजावं लागणार," म्हणत सासूबाईही बरोबर हिंडल्या. नव्या प्रश्नानं आकडे जुळले.

परीक्षेत तिनं सगळं शांतपणे मांडलं. ज्यांनी तिच्यावर शंका घेतली होती, त्याच परीक्षकांनी तो प्रश्न यापुढे प्रत्येक पाहणीत घालायला सांगितला. ती वर्गात पहिली आली. बाहेर सासूबाईंनी जीभ नाचवत आनंदाची अशी काही आरोळी ठोकली की शिपाई धावत आला.

"पुढच्या तुकडीला तूच शिकवायचंस," तेमामसर म्हणाले. "अजून काही हवंय?"

"त्या तुकडीत आणखी एक नर्स घ्या, सर."