हिरव्या उलटीची नोंद

मी हात लावला म्हणून त्या लेकराला आंघोळ घातली.

आठव्या महिन्यात जन्मलेलं पोर. तीन दिवसांचं. दोन तळहातांत मावेल एवढं. भंडाऱ्यातल्या आमच्या वॉर्डात त्याला कापसात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवलं होतं, ऊब राहावी म्हणून वर बल्ब लावून. अशा पोराला पाणी लावायचं नाही, हे झाडूवाल्या बाईलाही ठाऊक. पण साकोलीच्या व्यापाऱ्याचं घर. आजीने सकाळीच माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग मोहल्ला. मी सांगितलं. माझ्या बापाने बौद्ध धम्म घेतला त्याच दिवशी मान खाली घालणं सोडलं होतं. मी नर्सच्या नोकरीसाठी ते परत शिकले.

"तुनं काहून हात लावला माह्या नातवाले?" म्हणाली, आणि माझ्यादेखत त्याला पेटीतून काढून तांब्याभर पाण्याने धुतलं. पोर निळं पडलं. डॉक्टर दारातच उभे होते. म्हणाले, "सिस्टर, तू जरा बाजूला हो."

मी झाले बाजूला. त्याची लाज मला अजून आहे.

पण पोराचं पोट मी पाहिलं होतं. ढोलकीसारखं ताणलेलं, वरून आतड्याच्या वळ्या दिसत होत्या. जन्मल्यावर पहिली काळी शी होते, तीही झाली नव्हती. आणि सकाळची उलटी हिरवीगार. प्यायलेलं दूध उलटलं तर पांढरं पडतं. हिरवं पित्त वर येतं म्हणजे खाली वाट बंद. अशा वेळी काय करायचं ते ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलं होतं. दूध बंद, नाकातून पोटात नळी, सलाईन, आणि ताबडतोब सर्जन.

"सर, आतडं अडलंय. दूध देऊ नका. नागपूरला पाठवा."

"कच्चं पोर आहे, पचत नाही. ग्राईप वॉटर द्या. आणि निदान आम्ही करतो. तू ताप लिही."

आजी पेटलीच. "आमचं लेकरू उपाशी मारून राहिली हे! कोन्ता सूड घेऊन राहिली व बाई?" घरून आणलेलं दूध तिने चमच्या-चमच्याने पाजलं. ते शुद्ध होतं, माझा हात लागला नव्हता ना!

दुपारपर्यंत पोट आणखी फुगलं. श्वास अडू लागला. पोराची आई बाजूच्या खाटेवर पडून होती, वीसेक वर्षांची. दिवसभरात पहिल्यांदाच बोलली. "ताई, काय करायचं ते करा. सासूचं मी पाहून घेईन."

मी कुणाला विचारलं नाही. नळी टाकली. सिरिंजने ओढलं तर हिरवं पाणी आलं, फाटलेल्या दुधासकट. मग केसपेपर घेतला आणि माझ्या अक्षरात लिहिलं. हिरवी उलटी. शी नाही. आंघोळ घातली. मी नको सांगूनही दूध पाजलं. प्रत्येकापुढे वेळ. तो कागद डॉक्टरांसमोर धरला, तेव्हा कुठे गाडी निघाली. नळी धरून मीच सोबत गेले.

नागपूरच्या सर्जनने पोट उघडलं. आतडं काळं पडलं होतं. "सकाळी आणलं असतं तर," एवढंच म्हणाले. पोर गेलं. परतताना गाडीत मी रडले, रागाने.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कोरा केसपेपर पुढे केला. "तो फाड. यावर लिही, जन्मापासूनच गंभीर. तुम्हा लोकांना नोकऱ्या मिळतात हेच खूप समज."

"फाडायचा तर तुम्ही फाडा, माझ्यासमोर. मी पुन्हा तेच लिहीन."

त्यांनी फाडला नाही. हिंमत झाली नाही. माझी बदली मात्र केली, जंगलातल्या एका उपकेंद्रावर. तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात.

बरंच झालं. आता हिरवी उलटी दिसली की मी हुकमाची वाट पाहत नाही. दूध बंद करते, नळी टाकते, बैलगाडी जुंपायला लावून पोराला डांबरी रस्त्यापर्यंत नेते आणि येईल ती गाडी अडवते. न विचारता केलं म्हणून मेमो द्यायचा तर नंतर द्या. आधी पोर नागपूरला जाईल.