क्लचप्लेट बसली, पण एक बोल्ट उरला

दोस्तहो, आज सुरतेत माझ्या जुन्या जीपची झिजलेली क्लचप्लेट स्वतःच बदलली. गिअरबॉक्स चढवला आन् बघतो तर एक बोल्ट हातातच! उद्या सकाळी ह्याच गाडीवर भाडं हाय.

गावाकडं अर्धापूरला वडलांना, अण्णांना, फोन लावला. त्यांची हयात जीप चालवण्यात गेली.

"बोल्ट कशावर मांडले होते?"

"डब्यात टाकले."

"डब्यात? शेंगा हायत का त्या?"

जीप खोलताना अण्णा केळीचं पान अंथरायचे. निघाले त्याच क्रमानं बोल्ट पानावर. ग्रीस लागलेलं ते हिरवं पान लई आठवलं.

"स्टार्टरच्या मागं बघ," अण्णा म्हणाले. तिथंच भोक रिकामं होतं.

बोल्ट आवळून गाडी चालू केली, फोन इंजिनाजवळ धरला. "बरा हाय आवाज." काम झालं होतं. पण फोन कुणीच ठेवला न्हाई.

लांब राहणाऱ्यांनो, तुमचं बी असंच होतं का?